द्रौपदीचा एक प्रश्न आणि आपला शोधनिबंध

एम.ए.ला असताना महाभारतावर मी जो पहिला शोधनिबंध लिहिला, त्यातला एक परिच्छेद मला फार आवडला होता. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो, द्रौपदी हसते आणि म्हणते, 'आंधळ्याचा मुलगा आंधळाच.' या एका वाक्यातून पुढचं द्यूत, वस्त्रहरण आणि युद्ध कसं उगवतं, हे मी दीड पान मांडलं होतं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात दोन शब्द लिहिले: 'अध्याय? श्लोक?'

तीन दिवस ग्रंथालयात बसून मी सभापर्व चाळलं. पुण्याच्या चिकित्सित आवृत्तीत, म्हणजे अनेक पोथ्या ताडून ठरवलेल्या संहितेत, ते वाक्य नाही. जे सापडलं ते मात्र माझ्या परिच्छेदापेक्षा कितीतरी मोलाचं होतं. ४३व्या अध्यायात निवेदक हा प्रसंग सांगतो, तेव्हा दुर्योधनाला हसणाऱ्यांत भीम आहे, अर्जुन आहे, नकुल-सहदेव आहेत. द्रौपदीचं नावही नाही. पुढे काही अध्यायांनी दुर्योधन हीच हकिगत धृतराष्ट्राला सांगतो. त्याच्या सांगण्यात कृष्ण आणि अर्जुन हसतात आणि द्रौपदीही इतर स्त्रियांसह हसते. म्हणजे 'द्रौपदी हसली' असं लिहिणं चूक आणि 'हसली नाही' असं लिहिणंही घाईचं. 'द्रौपदी हसली, असं दुर्योधन बापाला सांगतो' हे अचूक. ते कोण सांगतंय आणि कोणाला, हे लिहिल्याबरोबर वाक्याला वेगळाच अर्थ येतो. अपमान झालेला माणूस तो अपमान पुन्हा सांगताना त्यात कोणाकोणाला ओढून आणतो, याचं ते चित्र होतं.

महाकाव्यावर शोधनिबंध लिहिणं म्हणजे काय, ते मला त्या तीन दिवसांत कळलं. आपल्याला महाभारताची गोष्ट माहीत असते. आजीकडून, कीर्तनातून, मालिकांतून, कादंबऱ्यांतून ती आपल्यात मुरलेली असते. शोधनिबंध मात्र गोष्टीवर लिहायचा नसतो, समोरच्या छापील संहितेवर लिहायचा असतो. या दोन्हींत जिथे अंतर पडतं, बहुतेक चांगले निबंध तिथेच जन्माला येतात.

म्हणून पहिली पायरी विषय निवडण्याचीही नाही. कोणतं महाभारत वाचायचं, ते आधी ठरवा.

महाभारताची एकच एक प्रत कधीच नव्हती. काश्मीर, नेपाळ, बंगाल, महाराष्ट्र, आंध्र, केरळ अशा ठिकाणी, वेगवेगळ्या लिप्यांत, शतकानुशतकं पोथ्या नकलून काढल्या जात होत्या. नक्कल करताना श्लोक गळत, बदलत आणि सगळ्यात जास्त म्हणजे वाढत. सतराव्या शतकात नीलकंठ चतुर्धर यांनी काशीत बसून 'भारतभावदीप' ही टीका, म्हणजे श्लोकांचा अर्थ उलगडणारं भाष्य, लिहिली. त्यांचं मूळ घराणं गोदाकाठच्या कोपरगावचं. नीलकंठांनी ज्या पाठावर, म्हणजे संहितेच्या ज्या रूपावर, टीका लिहिली तोच पुढे छापखान्यांतून सर्वत्र गेला आणि आपल्याला 'महाभारत' म्हणून जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं या पाठातलं आहे. चिपळूणकर आणि मंडळींचं जुनं मराठी भाषांतर घरी असेल तर तेही चिकित्सित आवृत्ती तयार होण्याच्या आधीचं आहे, हे लक्षात ठेवा.

पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली चिकित्सित आवृत्तीचं काम हाती घेतलं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते. १९४३ साली ते गेले. त्यांच्यानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि मग प. ल. वैद्य यांनी ती जबाबदारी घेतली आणि १९६६ साली राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते पूर्ण झालेली आवृत्ती प्रकाशित झाली. ४७ वर्षं, १२५९ हस्तलिखितं, १९ खंड. सभापर्वाचं संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकी विद्वानांनी केलं.

त्यामागचं तर्कशास्त्र सोपं आहे, पण ते समजून घेतल्याशिवाय ही आवृत्ती वापरू नये. काश्मीरमधली शारदा लिपीतली पोथी आणि केरळातली मल्याळम लिपीतली पोथी यांच्या परंपरा एकमेकींपासून फार दूर वाढलेल्या. या दोन्हींत एखादा श्लोक सारखाच असेल, तर तो दोघींच्या समान पूर्वजातून आला असण्याची शक्यता मोठी. एखादा श्लोक एकाच प्रदेशातल्या पोथ्यांत असेल आणि इतरत्र कुठेच नसेल, तर तो तिथे मागाहून शिरला असण्याची शक्यता मोठी. असे शेकडो निर्णय घेऊन संपादकांनी वरच्या भागात मुख्य संहिता छापली आणि बाजूला काढलेले श्लोक तळटिपांत किंवा परिशिष्टात दिले. ही संहिता म्हणजे व्यासांच्या तोंडचं मूळ महाभारत नव्हे. उपलब्ध पोथ्यांवरून जितकं मागे जाता येईल तितकं मागे गेल्यावर हाती येणारा तो पाठ आहे. स्वतः सुकथनकरांनी हे स्पष्ट सांगितलं होतं, तरी आजही विद्यार्थी 'मूळ महाभारतात असं आहे' असं बेधडक लिहितात. 'चिकित्सित आवृत्तीत असं आहे' असं लिहा. दोन शब्दांचा फरक आहे, पण परीक्षकाला त्यावरून कळतं की तुम्ही काय वाचलंय ते तुम्हाला ठाऊक आहे.

बाजूला काढलेले श्लोक खोटे असतात, असंही समजू नका. वस्त्रहरणाचा प्रसंगच घ्या. आपल्या मनात तो कृष्णाशिवाय उभाच राहत नाही: द्रौपदी धावा करते, कृष्ण वस्त्रं पुरवतो. एजर्टन यांच्या मुख्य संहितेत हा धावा नाही. दुःशासन वस्त्र ओढू लागतो आणि तसंच दुसरं वस्त्र प्रकट होतं, पुन्हा पुन्हा होतं, एवढंच तिथे आहे. ते कोणी पाठवलं, संहिता सांगत नाही. म्हणून घाईने 'कृष्ण नंतर घातला' असा निष्कर्ष काढाल, तर त्याच चिकित्सित आवृत्तीचं उद्योगपर्व तुम्हाला थांबवेल. तिथे कृष्ण संजयाला म्हणतो की मी दूर असताना कृष्णेने, म्हणजे द्रौपदीने, 'गोविंद' म्हणून हाक मारली, ते ऋण वाढतच चाललंय, माझ्या हृदयातून जात नाही. मग ती हाक कुठली? अॅल्फ हिल्टेबायटेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी एजर्टन यांच्या निर्णयालाच आव्हान दिलं आहे. इथे तुम्ही कोणाची बाजू घ्यावी असं मी सांगणार नाही. ज्या जागी पोथ्या भांडतात ती जागा निबंधात लपवायची नसते, एवढंच सांगेन. तळटिपेतला श्लोक म्हणजे कुठल्यातरी काळातल्या, कुठल्यातरी गावातल्या वाचकाला त्या जागी काय हवंसं वाटलं, याचा पुरावा असतो.

आता विषय. 'महाभारतातील स्त्रिया', 'महाभारतातील धर्मसंकल्पना', 'कर्ण: एक शोकात्म नायक' अशी शीर्षकं दरवर्षी येतात. त्यांवर निबंध लिहिता येत नाही. लिहिला तर गोष्टीचा सारांश होतो. १८ पर्वांच्या ग्रंथातून २० पानांत एक विषय न्यायचा तर उतारा लहान हवा. मी विद्यार्थ्यांना सांगते, पाच-सहा अध्यायांच्या पलीकडे जाऊ नका आणि त्यातलाही एखादा प्रसंग धरा. आपण इथे सभापर्वातले ५८ ते ६३ हे अध्याय धरू. द्यूताचे शेवटचे डाव, द्रौपदीचा प्रश्न आणि सभेचं त्यावरचं बोलणं, एवढं त्यात येतं.

पहिलं वाचन पेन्सिल न घेता करा. दुसऱ्या वाचनात जिथे तुम्ही अडखळाल, जिथे 'असं का?' वाटेल, तिथे खूण करा. तिसरं वाचन फक्त त्या खुणांचं. संस्कृत येत नसेल तर दोन भाषांतरं शेजारी ठेवा. व्हॅन बायटेनन यांचं इंग्रजी भाषांतर चिकित्सित आवृत्तीवरून केलेलं आहे, ते एका हाताला असू द्या. दोन भाषांतरं जिथे एकमेकांपासून दूर जातात तिथे मूळ शब्द कठीण आहे, हे समजायचं आणि संस्कृत येणाऱ्या कोणाला तरी गाठायचं. चिकित्सित आवृत्तीची संगणकीय संहिताही उपलब्ध आहे. क्योटोचे मुनेओ तोकुनागा यांनी ती तयार केली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती सुधारली. एखादा शब्द सगळ्या महाभारतात कुठे कुठे येतो हे शोधायला पूर्वी आयुष्य जायचं, आता काही क्षण लागतात. ही सोय हाताशी असताना न वापरणं म्हणजे विषयावर अन्याय आहे.

तर, या सहा अध्यायांत मी कुठे अडखळले ते सांगते.

युधिष्ठिर नकुल, सहदेव, अर्जुन, भीम असे भाऊ हरतो आणि मग स्वतःला हरतो. त्यावर शकुनी म्हणतो की धन शिल्लक असताना स्वतःला हरणं हे पाप. कुठलं धन शिल्लक आहे? लगेच तोच सांगतो: तुझी प्रिय राणी अजून जिंकलेली नाही, तिला पणाला लाव. 'धन' हा शब्द इथे किती सहज येऊन पडतो ते बघा. द्रौपदीला वस्तू ठरवणारं कुठलंही भाषण शकुनी करत नाही. त्याने फक्त हिशेब केलाय.

डाव संपतो. दुर्योधन प्रातिकामी नावाच्या सूताला अंतःपुरात पाठवतो. तो द्रौपदीला सांगतो की तू जिंकली गेली आहेस. ती विचारते, राजपुत्र बायको लावून कधी जुगार खेळतो का, पणाला लावायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं का? प्रातिकामी उत्तर देतो: दुसरं काही उरलं नाही, तेव्हा आधी भाऊ लावले, मग स्वतःला, मग तुला. हे ऐकल्यावर ती त्याला म्हणते, जा, सभेत जाऊन त्या जुगाऱ्याला विचार, 'किं नु पूर्वं पराजैषीः', आधी काय हरलास, स्वतःला की मला?

इथे थांबा. क्रम तिला नुकताच सांगितला गेलाय. भाऊ, मग स्वतः, मग तू. तरी ती विचारते, आधी काय? म्हणजे तिला माहिती नकोय. ज्याचं उत्तर तिच्याजवळ आहे तो प्रश्न तिला त्या माणसाच्या तोंडून, भर सभेत, वदवून घ्यायचाय. एवढं निरीक्षण हाती आलं की निबंधाचं बीज रुजलं असं मी समजते. नवऱ्यासाठी तिने वापरलेला 'कितव', म्हणजे जुगारी, हा शब्दही वहीत लिहून ठेवा.

पुढे याहून विलक्षण गोष्ट घडते आणि ती नजरेतून सहज निसटते. प्रातिकामी सभेत जातो आणि द्रौपदीचा निरोप सांगतो. पण तो तिच्या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न ठेवतो: 'कस्येशो नः पराजैषीः'. कोणाचा ईश, म्हणजे कोणाचा स्वामी असताना तू आम्हाला हरलास, असं द्रौपदी तुला विचारते आहे. आणि मग म्हणतो, आधी काय हरलास, स्वतःला की मला? अंतःपुरात तिच्या तोंडी आपण ऐकलेला प्रश्न क्रमाचा होता. सभेत पोचला तेव्हा त्यात स्वामित्वाचा शब्द आला होता. शिवाय 'मला'च्या जोडीला 'आम्हाला' आलं होतं. हे ऐकून युधिष्ठिर निश्चेष्ट होतो, जणू प्राण गेल्यासारखा, आणि सूताला बरं-वाईट काहीच उत्तर देत नाही.

आता प्रतिपादन. हा शब्द विद्यार्थ्यांना घाबरवतो, पण त्याचा अर्थ इतकाच की समजूतदार वाचक ज्याला 'मला पटत नाही' म्हणू शकेल असं एक विधान. 'द्रौपदी ही स्वाभिमानी स्त्री होती' याला कोण नाही म्हणेल? म्हणून ते प्रतिपादन होत नाही. मी माझ्या वहीत पहिल्यांदा लिहिलं ते असं: 'द्रौपदी क्रम विचारते; निरोप सभेत जाताना त्यात स्वामित्वाचा प्रश्न मिसळतो; आणि सभा क्रमाचा प्रश्न टाळून फक्त स्वामित्वावर बोलत राहते.' हे विधान चुकू शकतं. म्हणूनच ते तपासण्याजोगं आहे.

तपासताना आपल्याला हवे असलेले श्लोक गोळा करायचे नसतात. आपलं विधान मोडणारे श्लोक शोधायचे असतात. आपल्या शास्त्रग्रंथांत याला सुंदर शब्द आहे, पूर्वपक्ष. समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा नीट मांडायची आणि मगच आपलं उत्तर द्यायचं. शोधनिबंधाची ही रीत बाहेरून आली असं मानणाऱ्यांनी कुठलंही भाष्य उघडून पाहावं.

भीष्मांपासून सुरू करू. ते म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं यथायोग्य उत्तर मी देऊ शकत नाही. ज्याच्याजवळ स्वतःचं काही नाही तो दुसऱ्याचं पणाला लावू शकत नाही, पण स्त्रिया पतीच्या अधीन असतात हेही दिसतं. 'अस्व', 'परस्व': ज्याचं काही नाही तो, आणि दुसऱ्याचं जे ते. दोन्हींत 'स्व' आहे. माझं विधान इथे टिकतं.

मग विकर्ण उठतो, दुर्योधनाचा धाकटा भाऊ. सभेत निवाडा देण्याचं धाडस करणारा तो एकटा कौरव. त्याच्या कारणांत एक कारण स्पष्ट आहे: युधिष्ठिर स्वतः आधी हरला होता आणि मग त्याने हिला पणाला लावलं. म्हणजे क्रमाच्या प्रश्नाला सभेत सरळ उत्तर मिळतं. माझं 'सभा क्रमाचा प्रश्न टाळते' हे विधान इथे मोडलं. अशा वेळी विकर्णाला तळटिपेत ढकलून पुढे जायचा मोह होतो. तसं करू नका. विकर्णाला निबंधाच्या मधोमध आणा, कारण खरी गंमत त्याच्या लगेच नंतर आहे. कर्ण त्याला खोडून काढतो आणि म्हणतो की पांडवांच्या थोरल्याने सर्वस्व पणाला लावलं होतं, द्रौपदी त्या सर्वस्वाच्या आतच आहे, मग ती जिंकली गेली नाही असं कसं म्हणतोस? 'सर्वस्व'. पुन्हा 'स्व'. क्रमाने उत्तर देणारा एक माणूस उभा राहिला आणि त्याला परत स्वामित्वाच्या हिशेबात ओढून आणलं गेलं. आणखी थोडं पुढे कर्णच म्हणतो की दास, शिष्य आणि अस्वतंत्र स्त्री या तिघांना धन नसतं.

तेव्हा मी माझं विधान बदललं: 'सभेत क्रमाचं उत्तर दिलं जातं, पण ते टिकू दिलं जात नाही, ते स्वामित्वाच्या भाषेत पुन्हा पुन्हा विरघळवलं जातं.' पहिल्यापेक्षा हे अरुंद आहे, जास्त खरं आहे आणि ते विकर्णामुळे मिळालं. तुमच्या निबंधात असा बदल झाला नसेल, पहिल्या दिवशीचं विधान शेवटच्या दिवशी जसंच्या तसं उभं असेल, तर मला काळजी वाटते. बहुधा पुरेसं वाचलं गेलेलं नसतं.

एक आक्षेप अजून उरतो आणि तो सगळ्यांत जड आहे. निरोप्याच्या तोंडी शब्द बदलले यात विशेष काय? मौखिक परंपरेतून आलेल्या काव्यात निरोप अक्षरशः तोच नसतो, छंद जुळवायला शब्द बदलतात. हा आक्षेप मान्य करून उत्तर शोधावं लागतं. महाभारतातले दुसरे निरोप तपासायचे. संजयाने उपप्लव्याहून आणलेले निरोप आहेत, उलूकाने पांडवांकडे नेलेला निरोप आहे. तिथे बदल किती होतो, कशा प्रकारचा होतो? आणि त्याआधी या दोन श्लोकांच्या तळटिपांतले पाठभेद पाहायचे. ज्या शब्दावर तुम्ही आख्खा युक्तिवाद उभारताय, तो सगळ्या पोथ्यांत आहे की निम्म्यांत, हे तुम्हाला परीक्षकाच्या आधी कळायला हवं.

एवढं झाल्यावरच मी इतर अभ्यासकांकडे जाते. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी समीक्षा वाचली की संहिता त्याच चष्म्यातून दिसते. विशेषतः मराठी वाचकाचं असं होतं, कारण आपल्याकडे या विषयावरचं लेखन इतकं ताकदीचं आहे की ते मनाचा ताबा घेतं. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'ला १९६८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातल्या द्रौपदीवरच्या लेखात इरावतीबाई म्हणतात की द्रौपदीने हा प्रश्न विचारणं हीच चूक होती. भर सभेत पंडितेसारखा कायद्याचा काथ्याकूट करून तिने धर्मराजाला पेचात टाकलं, आणि कोणतंही उत्तर आलं असतं तरी ते तिला तारणारं नव्हतं. मी हा लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा रागावले होते. आज वाटतं, इरावतीबाईंनी प्रश्नाची धार सगळ्यात आधी ओळखली, म्हणून तर त्या इतक्या अस्वस्थ झाल्या. व्हॅन बायटेनन यांचं म्हणणं तिसरीकडेच नेतं. सभापर्वाची रचना राजसूय यज्ञाच्या विधींवर बेतलेली आहे, त्या विधीत द्यूत येतंच, म्हणून युधिष्ठिर खेळायला नकार देऊ शकत नाही, असं ते मांडतात. नीलकंठांची टीकाही या जागेवर काय सांगते ते उघडून पाहायला हवं. आधुनिक समीक्षकांच्या गर्दीत जुन्या टीकाकाराला विसरण्याची चूक आपण फार करतो.

या सगळ्यांना निबंधात कसं आणायचं? 'कर्वे म्हणतात... व्हॅन बायटेनन म्हणतात...' अशी रांग लावू नका. एकेकाला तुमच्या प्रश्नासमोर उभं करा. प्रश्न विचारणं चूक होतं असं कर्वे म्हणतात. पण द्रौपदीने अंतःपुरातून पाठवलेला प्रश्न आणि सभेने ऐकलेला प्रश्न यांत फरक असेल, तर त्यांची टीका नेमकी कोणत्या प्रश्नाला लागू पडते? हे विचारलंत की तुम्ही इरावतीबाईंशी बोलू लागलात. त्यांचं मत न खोडता, न कवटाळता.

प्रत्यक्ष लिहिण्याबद्दल थोडक्यात. सुरुवातीला महाभारताची थोरवी गाऊ नका, वाचकाला ती ठाऊक आहे. पहिल्या पानावर उतारा, प्रश्न आणि प्रतिपादन यावं. कथा सांगायची ती पुढचं वाक्य कळायला लागेल तेवढीच. प्रत्येक अवतरणानंतर निदान दुप्पट जागा त्यातल्या शब्दांवर बोला. श्लोक देऊन 'यावरून स्पष्ट होते की' म्हणत पुढे पळू नका, कारण श्लोकावरून आपोआप काहीच स्पष्ट होत नसतं. संदर्भ पर्व, अध्याय, श्लोक अशा तीन आकड्यांत द्या, उदाहरणार्थ २.६०.७, आणि आवृत्ती कोणती ते सुरुवातीलाच एकदा सांगा, कारण नीलकंठी पाठात तोच श्लोक वेगळ्या क्रमांकावर असतो. भाषांतर कोणाचं आहे ते लिहा. स्वतःचं असेल तर तेही लिहा. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडला तरी श्रेय त्याचंच राहतं. कादंबरीतला कर्ण आणि व्यासांचा कर्ण एका वाक्यात आणू नका. कादंबऱ्या मलाही प्रिय आहेत, पण त्यांच्यावर वेगळा निबंध लिहायला हवा.

त्यावरून एक आठवलं. ज्यांना संस्कृतची धास्ती वाटते अशा मराठीच्या विद्यार्थ्यांसमोर एक मोठी वाट मोकळी आहे. एकनाथांचा नातू मुक्तेश्वर याचं ओवीबद्ध सभापर्व आपल्याला उपलब्ध आहे. मोरोपंतांचं आर्याभारत आहे. व्यासांच्या या सहा अध्यायांशेजारी मुक्तेश्वराच्या ओव्या ठेवून, निरोप सभेत कसा पोचतो, कोणाच्या तोंडी कोणता शब्द येतो, एवढंच पाहिलं तरी निबंध उभा राहील.

आता शेवटाबद्दल. विद्यार्थी शेवटच्या परिच्छेदात आधीचं सगळं पुन्हा सांगतात. त्याऐवजी निबंधाच्या अखेरीला एखादा पुरावा राखून ठेवा, जो तुमचं प्रतिपादन एक पाऊल पुढे नेईल. मला असा पुरावा फार उशिरा सापडला, जवळजवळ निबंध बांधायला देण्याच्या आठवड्यात.

६२व्या आणि ६३व्या अध्यायांत दुर्योधन पांडवांनाच आव्हान देतो की युधिष्ठिर आमचा स्वामी नाही असं तुम्ही भावांनी म्हणावं, म्हणजे द्रौपदी सुटेल. भीम संतापतो, पण मोठ्या भावाला सोडत नाही. मग अर्जुन बोलतो. या सगळ्या वादातलं ते शेवटचं वाक्य. आमच्यावर डाव लावला तेव्हा धर्मराज आधी आमचा ईश होता. पण स्वतःला हरलेला हा कोणाचा ईश, ते सगळ्या कुरूंनी जाणून घ्यावं. 'ईशो राजा पूर्वमासीद् ग्लहे नः', आणि मग 'ईशस्त्वयं कस्य'.

'पूर्वम्' हा द्रौपदीचा शब्द. 'ईश', 'कस्य' (कोणाचा) आणि 'नः' (आम्हाला, आमचा) हे प्रातिकामीने सभेत आणलेले शब्द. भीष्म, विदुर, विकर्ण, कर्ण इतके सगळे बोलून गेले, पण हे चारही शब्द एका श्लोकात परत उचलले ते अर्जुनाने, तेही एका निरोप्या सूताचे शब्द घेऊन. आणि त्याच्या वाक्याला सभेत कोणीही उत्तर देत नाही. पुढच्याच श्लोकात धृतराष्ट्राच्या घरात, अग्निहोत्रापाशी, कोल्हा मोठ्याने ओरडतो.